काजवे बघायला आलेल्या गाड्या

अक्का, तुमच्या तेराव्याला पनीर होतं.

तुमच्या सोपानने काजवे बघायला येणाऱ्यांच्या तंबूंवरचाच आचारी लावला होता. पनीरची भाजी, जिरा राइस, गुलाबजाम आणि पाहुण्यांपुढे ठेवतात त्या पाण्याच्या छोट्या बाटल्या. गेलेल्या माणसाच्या नावाने नागलीची भाकर आणि उडदाचं घुटं पानात पडल्याशिवाय तुम्ही कधी पंगत उठू दिली नाहीत. भाऊजी, तुमचे धनी, गेले तेव्हा डोळे पुसत चुलीपुढे बसलात, पण घुट्याला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाहीत. आणि तुमच्या नावाने गाव पनीर खाऊन उठलं. चांगलं झालं होतं, म्हणाले लोक. मी धाकटी जाऊ, वाढायचं काम माझं. हातात पातेलं घेऊन त्या पंगतीतून फिरताना मला तुमचाच राग येत होता. आचाऱ्याचा नाही, तुमचा.

त्याच्या आधी दहाव्याला पिंडांसाठी तांदूळ हवा होता. तुमची तांदळाची लहान कणगी उघडली तर वरच्याच थरात बारीक काळे सोंडे वळवळत होते. दाण्यांना भोकं पडलेली, हात घातला की पीठ लागायचं. तुमच्या कणगीत सोंडे! दरवर्षी निरगुडीचा पाला वाळवून तुम्ही थराथरात घालायचात, वरून राखेचा हात फिरवायचात, आणि कणगी लिंपून झाल्यावर तिला असं थोपटायचात की जणू म्हैस आहे. यंदा पाला घातलेलाच नव्हता. कधी घालणार? सगळा वेळ पाहुण्यांच्या चुलीपुढे गेला.

सोपान म्हणाला, "काकी, ह्यो टाकून द्या. दुकानातला आनतो."

"तुझ्या आईनं लावलेला काळभात हाय," मी म्हणाले. "तिला ह्योच."

सूप घेऊन ओट्यावर बसले. सोंडे उन्हाला लागले की पळत सुटायचे, मी दाणे वेगळे करायची. निम्मं पाखडून गेलं. उरला त्याचे पिंड झाले.

मी राहुरीकडची, हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत. माझं माहेर पाटाच्या पाण्यावरचं. ऊस, बाजरी, गव्हाच्या पोळ्या. आमच्याकडे भुंगेरा म्हणजे वैरी. वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून उठायचे आणि कडुनिंबावर, बाभळीवर घोंगावत बसायचे. वडील फांद्या हलवून त्यांना खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, कारण त्यांचीच अळी, हुमणी, उसाची मुळं कुरतडते. पाठीवर कवच असलेला कुठलाही किडा दिसला की पायातली चप्पल काढायची, हे मी चालायला शिकले तेव्हाच शिकले होते.

त्यामुळे लग्नाच्या वर्षी, राजूरच्या वरच्या या गावात, अंगणात जेवताना माझ्या ताटाच्या काठावर काहीतरी येऊन बसलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. तुम्ही तो वरच्या वर धरलात. घट्ट.

"मारू नगं. काजवा हाय त्यो."

"किडाच हाय ना?"

"किडा हाय, पन आपला हाय."

तेवढ्यात तो पेटला. माझ्या भाकरीच्या पदराशी हिरवट उजेड पडला, विझला, पुन्हा पडला. मी नवी नवरी, भुकेली, आणि पुढ्यात ती काळी भाकर जी मला अजून थापता येत नव्हती. मी बघत राहिले. तुम्ही हसलात. तुमचं ते हसणं मला पहिल्यांदा तेव्हा दिसलं.

मग तुम्ही माहेरहून आणलेली रीत कळली. वर्षाचे पहिले काजवे ज्या दिवशी खालच्या वावरातल्या सादड्याच्या झाडावर दिसतील, त्या संध्याकाळी घरात दिवा लावायचा नाही. सगळ्यांनी अंगणात अंधारात जेवायचं. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, भाजलेला सुका बोंबील आणि करवंदं. अंधारात हात ताटात चुकायचा, पोरं एकमेकांची करवंदं पळवायची, भाऊजी मुद्दाम दुसऱ्याच्या ताटातला बोंबील उचलायचे. समोर तो एवढा मोठा सादडा फांदीफांदीने उजळायचा आणि विझायचा, जणू सगळ्या किड्यांनी मिळून श्वास धरावा आणि सोडावा. "आता बी बाहेर काडायचं," तुम्ही म्हणायचात. काजवे उतरले म्हणजे पाऊस जवळ आला, नागलीचं बी राबात, भाजून ठेवलेल्या वाफ्यात, टाकायचं. तुमच्या घरात पेरणी अशी ठरायची.

भाकर तुम्हीच शिकवलीत. उकळत्या पाण्यात पीठ घेऊन, हाताला चटके बसतील तशी मळून. माझी पहिली भाकर तव्यावर टाकताना मधोमध फाटली तेव्हा, "राहुरीत नुसता ऊसच चावता व्हय गं?" म्हणालात. मी चुलीच्या धुरात रडले, आणि तुम्ही ती फाटलेली भाकर स्वतःच्या ताटात घेतलीत. माझा संदीप झाला त्या पावसाळ्यात ओढ्याला पूर, हे कामावर अडकलेले, मला ताप. तुम्ही गुडघाभर पाण्यातून यायचात आणि नागलीची पेज पाजायचात. दूध आलं ते त्या पेजेवर. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर राग धरणं सोपं झालं असतं.

पहिल्यांदा जे लोक काजवे बघायला आले, त्यांना तुम्हीच अंगणात बसवलंत. नाशिककडचं एक म्हातारं जोडपं. वाट चुकलेले, दमलेले. तुम्ही भाकर-चटणी वाढलीत आणि दिवा विझवून त्यांना सादड्याकडे तोंड करून बसवलंत. ती म्हातारी निघताना तुमच्या पाया पडायला लागली, तुम्ही मागे सरलात. ते तसंच राहिलं असतं तर.

पण दुसऱ्या वर्षी गाड्या आल्या, तिसऱ्या वर्षी रांगा. सोपानने खालच्या वावरात तंबू लावले. सादड्याच्या बुंध्याला बल्बांच्या माळा, शेजारी जनरेटर. उजेडात काजवे दिसत नाहीत हे त्याला माहीत होतं, पण पाहुण्यांना संडासाकडे जायला उजेड लागतो. झाडाखालचा पालापाचोळा गोळा करून त्याने पेटवून दिला, कारण तंबूत बसल्यावर बायका किड्यांना भितात. त्याच पाचोळ्यात तुम्ही मला एकदा काजव्याचं पिल्लू दाखवलं होतंत. चपटी, काळपट अळी, गोगलगायीच्या शंखात तोंड घालून बसलेली, शेपटीशी मिणमिण उजेड. "ह्ये आत्ता खातंय, म्हंजी फुडल्या साली उडंल," म्हणाला होतात.

आणि मग एका सकाळी मी अंगणवाडीत कामाला निघाले होते तर सोपान पाठीवर पंप घेऊन तंबूंभोवती औषध फवारत होता. डासांसाठी, म्हणाला. पाहुण्यांची तक्रार आली होती, किडे फार आहेत म्हणून.

किडे बघायला आलेल्यांची तक्रार.

मी तशीच तुमच्याकडे आले. तुम्हाला हिरवं नऊवारी नेसवलेलं, कपाळावर आडवं कुंकू. तुम्ही तंबूंपाशी नव्याने मांडलेल्या चुलीपुढे बसला होतात. तिथे तुमचे फोटो काढायचे. जेवण मागच्या पत्र्याच्या खोलीत गॅसवर शिजायचं, चिकन आणि पनीर, आणि तुमची खुरासणीची चटणी पानाच्या कोपऱ्यात चमचाभर, गावाची आठवण म्हणून.

"अक्का, सोपान औषध मारतोय. काजवं मरत्याल."

"डासाचं औषध हाय ते."

"डास मरतंय तर काजवा काय वाचतोय व्हय? तुमीच सांगा. तुमीच दाखवलं हुतं मला."

तुम्ही चुलीतलं लाकूड पुढे सारलंत. तिच्यावर काहीच शिजत नव्हतं.

"यमुने, पोरगं घरी ऱ्हायलंय. समदी पोरं गेली, ह्यो ऱ्हायला. त्याला काई बोलू नगं."

"काजवंच ऱ्हायलं न्हाईत तर त्याच्याकडं येनार कोन?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तुझं पोरगं गेलं चाकनला. वर्सातनं एकदा येतंय. माझं ऱ्हायलं. ह्ये तुला सोसत न्हाई."

अक्का, ज्या पोराला तुमच्या पेजेवर दूध मिळालं, त्या पोराच्या नावाने तुम्ही मला हे बोललात. मी वळले. घरी आले, आणि त्यानंतर वर्षभर आपण बोललो नाही. एका भिंतीचं अंतर. तुमचा खोकला मला ऐकू यायचा, माझ्या बांगड्या तुम्हाला. आवणीला तुम्ही माझ्या वावरात आलात, एकमेकांच्या वावरात राबायची पडकईची रीत मोडायची नाही म्हणून. शेजारी शेजारी वाकून आपण दिवसभर भात लावला आणि एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी मी तुमच्यापुढे ताट ठेवलं. तुम्ही जेवलात, ताट धुतलंत, गेलात. माझी नागलीची भाकर त्या दिवशी टम्म फुगली होती. बघितलीत तुम्ही. एवढं तरी म्हणायचं होतं.

यंदा काजव्यांच्या दिवसांत एका शनिवारी दुपार कलताना दाराशी कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. तुम्ही होतात. काखेत टोपलं, टोपल्यात चाईचे कोवळे कोंब. पाहुण्यांनी रानातली भाजी मागितली होती, म्हणून करवंदीच्या जाळीत गेला होतात. तुमचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"यमुने," म्हणालात, "पान लागलं."

साप हा शब्द तेव्हाही तोंडातून काढला नाहीत. घोट्याच्या वर दोन ठिपके आणि पाय सुजायला लागलेला. जाडजूड होती, म्हणालात, शिट्टीसारखी वाजली. म्हणजे घोणस. सोपान शंभर पावलांवर गाड्या लावून घेत होता. तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत. त्याला कामात व्यत्यय नको म्हणून नाही गेलात, की मला गाठायचं होतं म्हणून इकडे आलात? हे मला आता कोण सांगणार?

मी तुम्हाला खाली बसवलं, पाय हलू दिला नाही. यांनी तुकारामची जीप बोलावली. अँब्युलन्सला फोन केला, ती राजूरहून निघाली. सोपान धावत आला, जीपबरोबर पळू लागला, मग म्हणाला, "मी फुडं जाऊन वाट काढतो," आणि मोटारसायकल घेऊन सुटला.

घाटाच्या पहिल्या वळणावर आपण थांबलो. पुढे गाड्या, वर येणाऱ्या. एकाच्या पुढे दुसऱ्याने घातलेली, तिसऱ्याने दरीच्या कडेने. पुण्याच्या, मुंबईच्या, नाशिकच्या. गाणी चालू. लोक खाली उतरून दरीचे फोटो काढत होते. तुकाराम हॉर्न वाजवत होता, त्यात सगळेच हॉर्न वाजवत होते. यांनी उतरून हात जोडले. काही जण भले होते, त्यांनी गाड्या मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मागेही गाड्याच होत्या. एक मुलगा तर अनवाणी पळत पुढे गेला. त्याचं भलं होवो.

तुमचं डोकं माझ्या मांडीवर. तुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, मी पदराने पुसत होते. खिडकीवर टकटक झाली. एक बाई, डोक्यावर गॉगल.

"मावशी, काजवे कुठल्या बाजूला दिसतात हो?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही हात उचललात. मरणाच्या दारात तुम्ही वाट दाखवलीत अक्का. "वर. सादड्यावर," म्हणालात. ती बाई खाली वाकली, आणि तिने तुम्हाला ओळखलं. "अय्या, या त्या चुलीवाल्या मावशी ना! व्हिडिओत बघितलंय." मी काच वर केली. ती काही वाईट बाई नसेल. काय चाललंय ते तिला दिसलं नाही, एवढंच. पण तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि तुमचा उचललेला हातही.

"भाजी टोपल्यात तशीच हाय," तुम्ही थोड्या वेळाने म्हणालात. "सुकून जाईल."

"जाऊ द्या भाजी."

"यमुने."

"बोला."

मी वाट बघत होते. वर्षभर वाट बघत होते. तुम्ही म्हणाल, तुझं बरोबर होतं. नाहीतर म्हणाल, संदीपचं बोलायला नको होतं. एवढंच, दुसरं काही नको होतं.

"सोपानला बोल लावू नगंस. माझी आन हाय तुला."

शेवटचं तुम्ही मला हे म्हणालात. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मग जीप सोडली. चादरीची झोळी केली, यांनी आणि तुकारामने पुढून धरली, दोन अनोळखी पोरांनी मागून. गाड्यांच्या मधून, आरशांना झोळी घासत, आपण घाट उतरलो. खालच्या वळणावर अडकलेली अँब्युलन्स सापडली तेव्हा दिवस मावळत होता. राजूरच्या डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. लस होती, सलाईन होतं, माणसं होती. उशीर झाला होता. आपण घरून निघालो तेव्हा उशीर झाला नव्हता, अक्का. तो घाटात झाला.

सुतकातही पुढच्या शनिवारी तंबू चालू होते. सोपान स्वतः गेला नाही, भागीदाराला उभं केलं. तेराव्याला तो मुंडण केलेल्या डोक्याने बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "नशीब. दुसरं काय." मी ऐकत होते. तुमची आण होती.

मग परवा तो आला. ओट्यावर बसला. तुमच्यासारखंच बसतो तो, एक गुडघा उभा करून. मग म्हणाला, "काकी, पावनं इचारत्यात. चुलीवाल्या मावशी कुठं हायेत म्हून. फुडल्या साली तुमी बसाल का? आईचं लुगडं हाय."

मी तुमची आण मोडली, अक्का. मोडली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सगळं सांगितलं त्याला. जीप कुठे थांबली, कुणी खिडकी वाजवली, तुम्ही हात कसा उचललात, रक्त कुठून येत होतं. शेवटी म्हणाले, "तुझ्या पावन्यांनी मारली तिला."

त्याने मान वर केली नाही.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "मी मोटारसायकलवर फुडं गेल्तो ना. पयल्या वळनाला जी गाडी आडवी हुती, जिच्यापायी समदं तुंबलं, ती माझ्याच बुकिंगची हुती. मीच त्याला फोनवर रस्ता सांगितल्ता. थांबू नका, तशेच वर या म्हून."

त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"मग बंद कर की रं."

"मी बंद केलं तर पलीकडचा करनार, काकी. अन मी काय करू? चाकनला जाऊ?"

तो चाकणला जाऊ नये म्हणूनच तुम्ही त्या चुलीपुढे बसलात, हे मला त्याच्या तोंडून कळलं. तुमच्या तोंडून कळलं असतं तर आपलं वर्ष वाया गेलं नसतं. तुम्ही भांडणातसुद्धा खरं कारण दिलं नाहीत. भीती वाटते म्हणाला असतात, पोरगं जाईल याची भीती वाटते, तर मी तुमच्याजवळ बसले असते. त्याऐवजी माझ्या पोराचं नाव घेतलंत.

लुगडं मी घेतलं नाही. तो ते काखेत मारून परत गेला.

आता पाऊस लागलाय. तुम्ही जायच्या आधी राबात टाकलेलं नागलीचं बी उगवून वीतभर झालंय, दाट, हिरवंगार. तुमचं वरचं वावर सोपानने सपाट करून घेतलंय, पुढच्या वर्षी गाड्यांना जागा हवी म्हणून. तिथे आता नागली लागणार नाही. रोप राबातच पिवळं पडलं असतं. आज सकाळी मी गेले, त्याला न विचारता उपटलं, मुळं ओढ्यात धुतली आणि डोक्यावर वाहून माझ्या वावरात आणलं. हे म्हणाले, परक्याचं रोप कशाला. मी म्हणाले, लावू लागा.

अंगावर इरलं, पाऊस पाठीवर, आणि दिवसभर मी तुमच्याशी भांडत होते. मोठ्याने. बांधावरून जाणाऱ्या बायांनी ऐकलं असेल. संध्याकाळपर्यंत रोप लावून झालं, भांडण राहिलं आहे.